जुनी गाडी घरच्या घरी गंजापासून कशी वाचवायची

वापरलेली, बरीच वर्षं चाललेली गाडी घेताना बहुतेकांचं सगळं लक्ष इंजिनाकडे असतं. पण इंजिन उघडून दुरुस्त करता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सस्पेन्शनचे भाग नवे मिळतात. गाडीचा सांगाडा मात्र एकदा आतून खाल्ला गेला की इंजिन कितीही गोड चालत असलं तरी ती गाडी भंगारातच जाते. म्हणून जुन्या गाडीच्या देखभालीत मी गंजाला सगळ्यात वरचं स्थान देतो.

मी हे काम माझ्या गाडीवर स्वतः केलं आहे. सुरुवातीला सल्ल्यांचा गोंधळ फार होतो. कोणी खालून काळा जाड लेप मारून घ्यायला सांगतं, कोणी जुनं इंजिन ऑइल फासायला सांगतं, तर कोणी म्हणतं नुसता रंग पुरे. या गोंधळातून वाट काढायला एक क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी पाणी, मग गंज, आणि रंग सगळ्यात शेवटी. पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं हे न शोधता मारलेला कुठलाही लेप फार काळ टिकत नाही.

लोखंडाला ओलावा आणि हवा एकत्र मिळाली की गंज चढतो. त्यात मीठ मिसळलं, म्हणजे समुद्रकाठची हवा असेल किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, तर वेग खूप वाढतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. त्यामुळे तो वरचा रंग आतून उचलतो आणि त्या फटीतून आणखी पाणी शिरतं. बाहेरच्या पत्र्याची जाडी साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, तेव्हा त्याला आरपार जायला फार काही लागत नाही.

आधी जमवून ठेवायचं साहित्य

- गाडीचं माहितीपुस्तक (जॅक कुठे लावायचा, कुठला नट किती घट्ट करायचा हे त्यातच मिळेल) आणि आधीच्या मालकाकडच्या सर्व्हिसच्या नोंदी
- जॅक, निदान दोन जॅक स्टँड आणि चाकांना लावायच्या अडणी
- डोळ्यांवर पूर्ण बसणारा चष्मा, हातमोजे, धुळीचा मास्क आणि फवारणीसाठी वाफा रोखणारा वेगळा मास्क
- प्रखर टॉर्च, छोटा आरसा, लोहचुंबक, बोथट टोकाचा स्क्रू ड्रायव्हर
- तारेचा ब्रश, ८०, १२०, २४० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर
- गंज बदलणारं रसायन (रस्ट कन्व्हर्टर), एपॉक्सी प्रायमर, गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे रंग, क्लिअर कोट
- पोकळ भागांसाठी कॅव्हिटी वॅक्स आणि त्याची लांब लवचीक नळी
- मास्किंग टेप, जुने सुती कपडे, पातळ लवचीक तार, ग्रीस, पेट्रोलियम जेली

रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसतं पांढरा किंवा लाल सांगून रंग घेऊ नका, एकाच पांढऱ्याच्या कितीतरी छटा असतात.

१. गाडी उचलताना

हे वाचून लगेच पुढच्या पायरीवर उडी मारू नका. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा जायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, भार धरायचं काम स्टँडचं. जमीन कडक आणि सपाट हवी. मागचा भाग उचलणार असाल तर पुढच्या चाकांना अडणी लावा, कारण बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो आणि ती चाकं हवेत गेली की त्याचा उपयोग संपतो. स्टँडवर टेकवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा आणि मगच खाली जा.

जुन्या गाडीत आणखी एक धोका असतो. जॅक लावायची जागाच गंजलेली असू शकते. तिथला पत्रा दाबल्यावर करकरला किंवा आत गेला, तर तिथे जॅक लावायचा नाही.

२. धुणं, आणि त्याहून महत्त्वाचं वाळवणं

खालची बाजू साध्या पाण्याने सावकाश धुवा. चाकांच्या कमानीत, मडगार्डच्या आतल्या काठावर, सस्पेन्शनच्या खोबणीत चिखलाचे थर साठतात. हा चिखल पाऊस गेल्यावरही कितीतरी दिवस ओला राहतो. लाकडी पट्टीने तो मोकळा करा. दाबाच्या फवाऱ्याने धुणार असाल तर वायरिंगच्या जोडण्या, बेअरिंगचे सील आणि इंजिनावरची वायर-गर्दी यांपासून धार लांब ठेवा.

मग वाळू द्या. मोकळ्या, हवा खेळत्या जागी पूर्ण एक-दोन दिवस, दारं आणि डिकी उघडी ठेवून. ओल्या पोकळीत वॅक्स मारलं तर पाणी आतच कोंडलं जातं. या पायरीत लोक सगळ्यात जास्त घाई करतात आणि पुढच्या मेहनतीवर पाणी पडतं.

३. गंज शोधणं

रंगावर दिसणारा तांबडा ठिपका ही बहुतेकदा शेवटची अवस्था असते. गंज आतून बाहेर येतो, म्हणून शोधही आतून घ्यायचा. मी या क्रमाने जातो:

चाकांच्या कमानींची आतल्या बाजूला दुमडलेली कड बोटाने चाचपा. दाराखालचा उंबरा म्हणजे दोन-तीन पत्रे जोडून केलेली लांब पोकळ पेटी. गाडीचा बराच भार तिच्यावर असतो आणि सगळ्यात जास्त पाणीही तिथेच साचतं. दारांच्या खालच्या काठाला रबराच्या मागे बघा. डिकीतली स्टेपनी काढून तिचा खड्डा कोरडा आहे का पाहा. बॅटरीखालची बैठक तपासा, तिथे आम्लाच्या वाफेने पत्रा खाल्ला जातो. पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या जाळीखाली पालापाचोळा साठून ओल धरते.

आणि मॅट उचला. नुसती वरची रबरी मॅट नाही, तिच्याखालचं कार्पेटही. हाताने दाबून बघा. कार्पेट ओलं असेल तर फरशीचा पत्रा खालून कितीही स्वच्छ दिसला तरी वरून गंजत असतो. ओल काचेच्या रबरातून, दाराच्या आतल्या फाटलेल्या प्लास्टिकमधून, तुंबलेल्या एसीच्या पाइपमधून किंवा हीटरच्या गळतीतून येऊ शकते. पाणी गोडसर वासाचं आणि चिकट लागलं तर ते कूलंट आहे, म्हणजे गळती हीटरची.

रंगाखाली फोड आलेला दिसला की स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला भदभद वाजतो. शंका असेल तिथे लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे पकड अचानक ढिली होते तिथे आधी कोणीतरी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असते. वापरलेली गाडी घेण्यापूर्वीच हा चुंबक फिरवला तर पुढचा बराच त्रास वाचतो. (काही गाड्यांचे मडगार्ड आणि बॉनेट मुळातच प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात, तिथे चुंबक चिकटणारच नाही, हे आधी माहीत करून घ्या.)

सापडलेल्या प्रत्येक जागेचा फोटो काढा.

४. पाण्याच्या वाटा मोकळ्या करा

दारांच्या तळाशी, उंबऱ्याच्या खाली, वायपरच्या जाळीच्या कोपऱ्यांत पाणी निथळायला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. जुन्या गाडीत ती माती, जुना रंग किंवा आधीच्या कोणीतरी मारलेल्या लेपाने बुजलेली असतात. पातळ तार घालून ती मोकळी करा. दार उघडझाप करताना आतून पाण्याचा खळखळ आवाज येत असेल तर दाराची भोकं नक्की बंद आहेत. छताला काच असेल तर तिच्या चार कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या नळ्या असतात. तिथे कडक तार घालू नका, नळी सांध्यातून निसटते. लवचीक नायलॉनची दोरी पुरते.

या पायरीला काहीही खर्च नाही आणि माझ्या मते बाजारातल्या कुठल्याही लेपापेक्षा हिचा उपयोग मोठा आहे.

५. घरी करायचं काय आणि सोडायचं काय

वरवरचा गंज, म्हणजे घासल्यावर खाली चकचकीत पत्रा लागतो, तो घरी करा. खड्डे पडलेला पण घट्ट पत्राही जमतो. स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला तर मात्र जागा कुठली आहे ते बघा. मडगार्डच्या बाहेरच्या पत्र्यातलं भोक हे दिसण्यापुरतं दुखणं. पण उंबरा, चेसिसचे पट्टे, सस्पेन्शन अडकवलेल्या जागा, सीट बेल्टचे बोल्ट जिथे बसतात तो भाग, यांत भोक असेल तर कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवणं हाच उपाय. ते जाणत्या कारागिराचं काम आहे. अशा जागी जाळी लावून वरून लांबी भरणं म्हणजे अपघातात माणूस वाचवणारा भाग कागदाचा करून ठेवणं.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांचंही तसंच. वर नुसता तांबूसपणा असेल तर लक्ष ठेवा. पोपडे सुटत असतील किंवा खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, नळी बदलून घ्या. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी गंजत नाही, बदलताना ती मिळते का विचारा.

६. घासणं

बॅटरीची ऋण तार आधी सोडा. पेट्रोलची टाकी आणि इंधनाच्या नळ्यांच्या जवळ ठिणगी उडवणारं यंत्र अजिबात चालवू नका, तिथे हातानेच घासा. खूप जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडी धूळ उडवण्यापेक्षा ओलं घासणं बरं, आणि मास्क तर हवाच.

आधी तारेच्या ब्रशने सुटे पोपडे काढा. मग ८० नंबरचा पेपर, नंतर १२०, आणि कडांना २४०. गंजाच्या डागापुरतंच घासून थांबू नका. भोवतीचा रंग दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकवत जा, कारण फोडाच्या पुढेही गंज रंगाखालून पसरलेला असतो. रंग पत्र्याला घट्ट धरून आहे असं दिसेपर्यंत मागे जायचं.

एक सावधगिरी. ऑडीने १९८५ मध्ये आपल्या १०० या मॉडेलची संपूर्ण बॉडी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची केली आणि पुढे अशा पत्र्याचा वापर बराच वाढला. तुमच्या गाडीला असा पत्रा असेल तर चांगल्या जागी उगाच खोल घासू नका. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवत असतं, ते तुम्हीच काढून टाकाल.

सुटे छोटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, क्लिप वगैरे, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तरी गंज सुटतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवून लगेच वाळवा. स्प्रिंगा आणि जास्त ताण घेणारे कडक पोलादी बोल्ट मात्र आम्लात टाकायचे नाहीत. त्यांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि भार आल्यावर अचानक तुटतात.

७. रस्ट कन्व्हर्टर कुठे वापरायचं

यात बहुधा टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. ते गंजाशी संयोग पावून काळसर, स्थिर थर तयार करतं. चकचकीत लोखंडावर त्याचा उपयोग नाही आणि जाड पोपड्यांवरही नाही, कारण ते वरच्या थरातच अडकतं. खड्ड्यांच्या तळाशी उरलेला, ब्रश पोचत नाही असा पातळ घट्ट गंज ही त्याची खरी जागा. ब्रशने लावा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. वर शिल्लक राहिलेलं रसायन धुवायचं की पुसायचं हेही डब्यावरच असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं, तेव्हा ते वाचूनच करा.

८. प्रायमर, लांबी, रंग

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. हवेत दमटपणा असेल तर काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते. घासलं त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. आधी तेल-मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका.

प्रायमर एपॉक्सीचाच घ्या, हा माझा आग्रह आहे. तो ओलावा अडवतो. साधा करडा प्रायमर सच्छिद्र असतो, त्यातून पाणी पत्र्यापर्यंत जातं. "प्रायमर तर मारला आहे, रंग पुढच्या महिन्यात बघू" म्हणून सोडलेल्या गाड्या याच कारणाने पुन्हा गंजतात. लांबीही पाणी शोषते, म्हणून ती उघड्या लोखंडावर न भरता एपॉक्सीवर भरा, कोरडी घासा आणि पुन्हा प्रायमरने झाका.

रंग पातळ थरांत मारा. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर चांगले, प्रत्येकाला डब्यावर दिलेला वेळ द्यायचा. दमट हवेत, पहाटे दव असताना किंवा तापलेल्या पत्र्यावर फवारू नका. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावं, असा रंगकामातला नियम आहे. हार्डनर मिसळायच्या अनेक रंगांत आणि क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते आणि साधा मास्क तिथे पुरेसा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी सोय नसेल तर तसा रंग घरी फवारू नका. छोट्या जागेला एकाच डब्यातला साधा टच-अप रंग पुरतो.

९. पोकळ भागांत वॅक्स

उंबरे, दारं, चेसिसच्या पेट्या, डिकीच्या झाकणाचा आतला भाग, इथे ब्रश जात नाही. कॅव्हिटी वॅक्सची लांब नळी मूळ रबरी बुचांच्या भोकांतून आत शेवटपर्यंत घाला आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढा. नळीचं टोक चोहोबाजूंनी फवारणारं असावं. भोक नाही म्हणून ड्रिलने नवीन पाडू नका. आत वायरिंग असतं, काही गाड्यांत एअरबॅगच्या तारा असतात आणि पत्रा मजबुतीसाठी खास निवडलेला असतो. डबा थंड असेल तर वॅक्स घट्ट होऊन नीट फवारलं जात नाही. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा. उकळतं पाणी किंवा ज्योत नको, डबा फुटतो.

खाली जुने कागद पसरा, रात्रभर ठिबकत राहील. दुसऱ्या दिवशी निथळायची सगळी भोकं तारेने पुन्हा उघडा. पायरी ४ मध्ये मोकळी केलेली भोकं वॅक्सने बुजवून बसणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

१०. खालच्या बाजूचा लेप

जाड रबरी काळा लेप नव्या, स्वच्छ पत्र्यावर ठीक. जुन्या पत्र्यावर तो कालांतराने तडकतो, तड्यांतून पाणी शिरतं आणि बाहेरून सगळं काळंभोर, छान दिसत असताना आत पत्रा कुजत राहतो. तपासणीही करता येत नाही. म्हणून जुन्या गाडीसाठी मी मऊ राहणारा, मेणाचा किंवा लॅनोलिनचा लेप पसंत करतो. लॅनोलिन म्हणजे लोकरीतून निघणारा चिकट स्निग्ध पदार्थ. तो पाणी दूर ठेवतो, भेगा पडत नाहीत आणि खरचटला तर नंतर थोडा लावता येतो. तेलकट प्रकार दरवर्षी पुन्हा मारावा लागतो. जुनं इंजिन ऑइल फासू नका. त्यात आम्लं आणि धातूचे कण असतात, रबराचे बुश फुगतात आणि ते ठिबकून जमीन-पाणी खराब करतं.

ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि ड्रम, सायलेन्सर आणि त्याचा पूर्ण पाइप, इंजिनाचे बेल्ट, सेन्सर आणि वायरिंगच्या जोडण्या यांवर लेप उडता कामा नये. फवारण्याआधी या सगळ्यांवर प्लास्टिक आणि टेप लावा. ब्रेकवर थोडासा जरी उडाला तर ब्रेक नीट लागणार नाहीत.

११. गाडीखाली आहातच, तर हेही

गंजलेला बोल्ट जोर लावून तोडू नका. आदल्या दिवशी भेदक तेल टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका, मग पाना थोडा घट्ट, थोडा सैल असा फिरवत सोडवा. चाकांचे नट बसवताना टॉर्क रेंच (किती जोराने घट्ट केलं ते दाखवणारा पाना) वापरा. पुस्तकातला आकडा बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांना ग्रीस लावून तोच आकडा गाठला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. पुन्हा जोडताना आधी धन, मग ऋण. वरून पेट्रोलियम जेलीचा हात. दिवे मंद लागणं किंवा एक दिवा लावला की दुसरा लुकलुकणं, याचं कारण पुष्कळदा अर्थिंगच्या जागेवरचा गंज असतं. ती जागा चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट घट्ट करा आणि मग वरून जेली लावा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येतो. आतून ब्रेकच्या नळ्याही गंजतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. ते रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो. कूलंटच्या जागी नुसतं नळाचं पाणी भरत राहू नका. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यंच इंजिन आणि रेडिएटर आतून सांभाळतात. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. टायर कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी रबर जुनं होऊन तडकतं.

१२. नंतरची निगा

पावसाळ्याच्या किंवा बर्फाच्या मोसमाआधी एकदा आणि संपल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा तपासणी पुरते. खडीने उडालेला रंगाचा छोटा टवका दिसला की त्याच आठवड्यात टच-अप करा. गाडीवर प्लास्टिकचं हवाबंद आवरण घालू नका, आत ओल धरते. हवा खेळणारं कापड चांगलं. मीठ लागलेली ओली गाडी उबदार बंद गॅरेजमध्ये लावण्यापेक्षा आधी धुवा, कारण उबेत गंज जास्त वेगाने चढतो.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, कुठे घासलं, कुठलं रसायन, कुठला लेप. पायरी ३ मधले फोटो त्याच कोनातून दर तपासणीला पुन्हा काढा आणि शेजारी ठेवून बघा. डागाची कड सरकलेली दिसली तर वरून रंगाचा आणखी एक हात मारू नका. ती जागा पत्र्यापर्यंत उघडा आणि पायरी ६ पासून पुन्हा सुरू करा.